चार कोऱ्या ओळी

प्लम रन, ओहायो
तिसरा महिना, ६ तारीख, १९६६

मित्र मॉर्ट झेल्निक,

तू मला ओळखणार नाहीस, पण मी तुला चांगली ओळखते. चार वर्षांपूर्वी शांततेसाठी पायी निघालेली तुम्ही सतरा माणसं आमच्या सभाघरात मुक्कामाला होतात. त्यातला गिटारवाला, टाचेला फोड आलेला, सफरचंदाचा मुरंबा लावून पावाचे सात तुकडे खाल्लेला, तो तू. मलम मी दिलं होतं. मलमाचं काही नाही, पण जाताना स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेला एक कागदही तू घेऊन गेलास, त्याबद्दल बोलायचंय.

परवा मी दात काढायला गेले होते. तोंडात कापूस, वर दिवा, आणि रेडिओवर तुझा आवाज! 'दाराची कडी काढून ठेव.' ओरडायची सोय नव्हती, नाहीतर ओरडले असते. ते गाणं माझं आहे. मुरंबा ढवळताना केलंय. दोनदा कडेनं, एकदा मधून, दोनदा कडेनं, एकदा मधून, असा दिवसभर मोठ्या कढईत दांडा फिरवायचा, तो त्याचा ठेका. तू ज्या वेगानं गातोस त्या वेगानं ढवळलं असतं तर अर्धा मुरंबा माझ्या ॲप्रनवर आला असता.

तेही चालेल. पण ते चौथं कडवं कुणी दिलं तुला? कानामागून आलं आणि तिखट झालं! माझी कडवी तीन झाली की ते येऊन ऐटीत बसतं. ते काढ. मला दुसरं काही नको.

उत्तर लिहिलंस तर 'मिस', 'मॅडम' लावू नकोस. आम्ही क्वेकर पंथाची माणसं कुणाला बिरुदं लावत नाही. मी न्यायाधीशालाही तू म्हणते.

टेसी पेनरोज

•

न्यूयॉर्क, १४ एप्रिल १९६६

टेसीआत्या,

सगळा प्लम रन तुम्हाला आत्या म्हणत होता हे आठवतंय, म्हणून मीही म्हणतो. 'तू' मात्र जमणार नाही. माझ्या आईला कळलं तर ती ब्रुकलिनहून येऊन माझा कान पिळेल.

पत्र वाचून मी खाली बसलो, अक्षरशः जिन्यात. मी तबकडीवर 'पारंपरिक' असं छापलंय हो! कागदावर नाव नव्हतं, मला वाटलं शंभर वर्षांपूर्वीचं असेल. आणि त्या शंभर वर्षांपूर्वीच्या बाईनं माझ्या टाचेला मलम लावलं होतं!

आता अभिमानानं सांगतो, तुम्हीही अभिमानानं ऐका. बावीस जणांनी गायलंय हे गाणं. मिनेसोटाच्या तीन बहिणींनी गायलं. एका रेशमी आवाजाच्या बाबानं चाळीस व्हायोलिनं घेऊन गायलं, ते माफ करा. डेट्रॉइटच्या एका काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गायकवृंदानं अकरा मिनिटं गायलं, ते ऐकून मी रडलो. फिनलंडमध्ये झालंय, जपानात शाळेतल्या मुली म्हणतात.

चौथं कडवं माझं आहे. चोरी नाही केली, आत्या. तुमच्या कागदावर '४' असा आकडा होता आणि खाली चार ओळींची कोरी जागा. मला वाटलं, यंत्राची शाई उठली नाही. गाणं अर्धवट कसं गायचं? म्हणून ती जागा भरली:

एक दार उघडेल, मग दहा,
गल्ली उघडेल, गाव उघडेल;
शेवटची कडी धरली ज्यानं
त्याचाही हात कधी थकेल.

लोक हेच फलकांवर रंगवतात. पण मूळ शब्द तुमच्याकडे असतील तर पाठवा. मी माझे काढून तुमचे गाईन, शपथ.

तुमचा,
मॉर्ट

•

प्लम रन
पाचवा महिना, १ तारीख, १९६६

मित्र मॉर्ट,

शपथ घेऊ नकोस. आम्ही घेत नाही. ज्याच्या साध्या बोलण्यावर भरवसा नाही, त्यालाच शपथ लागते.

शब्द पाठवा म्हणतोस. शब्द नाहीतच. शाई चांगली उठली होती. चौथं कडवं कोरंच आहे.

तू आमच्याकडे राहिलास तो नेमका शनिवार होता, रविवारी पहाटे निघून गेलास, म्हणून आमची सभा पाहिली नाहीस. पाद्री नसतो, पेटी नसते, गाणं तर नसतंच. बाकांवर गप्प बसतो. कुणाला आतून अगदीच ढोसणी लागली तर तो उठून चार शब्द बोलतो, नाहीतर तासानं शेजाऱ्याशी हात मिळवून घरी.

माझा थोरला भाऊ एनॉस. १९१८ साली त्याला म्हणाले बंदूक घे. तो म्हणाला, नाही घेत. छावणीतल्या कोठडीत न्यूमोनिया होऊन गेला, एकविसाव्या वर्षी. त्याला आणलं त्या दिवशी सभाघरात दोनशे माणसं बसली होती. बोलू शकणारे मोठमोठे लोक होते. एकही उठला नाही. तासभर. बाहेर घोडे पाय आपटत होते तेवढाच आवाज. मी पंधरा वर्षांची होते. त्या मौनाइतकं मोठं मी आजवर काही ऐकलेलं नाही. मग त्याला शब्द कुठून आणू? पोरांच्या उन्हाळी शिबिरासाठी गाणं छापलं तेव्हा आकडा घातला आणि जागा सोडली. आमच्या पोरांना सांगावं लागलं नाही. तिसरं झालं की ती चार ओळींपुरती गप्प बसायची.

त्या जागेत तू बोललास. चांगलं बोललास, पण एनॉसच्या जागेत बोललास.

नाव छापू नकोस. आमच्या थडग्यांवरचे दगडही गुडघ्याएवढेच असतात, सगळ्यांचे सारखे. आणि एक कबूल करते, कारण खोटं बोलणं जमत नाही. दातवाल्यानं कापूस काढल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? 'हे गाणं मी केलंय.' अंगावर मूठभर मांस चढलं रे! घरी येईस्तोवर उतरलं नाही. गर्व हे आमच्यात मोठं पाप आहे, आणि मला तो गोड लागला.

टेसी

•

न्यूयॉर्क, २२ ऑक्टोबर १९६६

टेसीआत्या,

केलं एकदाचं. क्लीव्हलँडला, नऊशे माणसांपुढे. तुमच्या वेगानं, दोनदा कडेनं एकदा मधून. तिसरं कडवं झालं आणि मी सांगितलं, 'मित्रहो, चौथं कडवं हे मौन आहे, एका धाडसी माणसासाठी.' आणि थांबलो.

पाचव्या सेकंदाला खोकला. सातव्याला दुसरा खोकला, पहिल्याला उत्तर दिल्यासारखा. मग मागून कुणीतरी, 'शब्द विसरलास काय रे?' आणि हशा. आणि मग, आत्या, त्या नऊशे माणसांनी मला सावरून घ्यायला म्हणून माझंच कडवं सुरू केलं. एकदम मनापासून. छत उडेल असं.

तुमच्याशी खोटं बोलत नाही. मला शरम वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. चौदा गाणी लिहिलीत मी आयुष्यात. माझी आईसुद्धा त्यातली दोनच ओळखते. पण या चार ओळी! काल एका भाजीवाल्यानं मला त्या म्हणून दाखवल्या, मी कोण हे माहीत नसताना. आई शेजारणींना सांगते, 'ते शेवटचं आहे ना, ते आमच्या मॉर्टीचं.' ते काढायचं म्हणजे माझ्याकडे काय उरतं?

मॉर्ट

•

प्लम रन
अकरावा महिना, ९ तारीख, १९६६

मित्र मॉर्ट,

हसून हसून पोट दुखलं. पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, तर लिंडली खुर्चीतून पडला. लिंडली म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा नातू, आईबाप गेल्यापासून माझ्याकडेच असतो. सतराचा आहे. तुझी तबकडी आणली ती त्यानंच, आणि माझ्या घरात वाजवतो, आणि चौथं कडवं आलं की माझ्याकडे बघून डोळा मारतो. घरचा भेदी!

अरे, गप्प बसायचं असेल तर गप्प बसावं. 'आता मी गप्प बसणार आहे हं' असं कुणी जाहीर करतं का? वर 'धाडसी माणसासाठी'! एनॉसला असलं काही आवडलं नसतं. तो कोंबडीलाही घाबरायचा.

तुझी आई बरोबर बोलते. तिला माझा नमस्कार सांग. पण माझं मागणं तेच आहे. मी थांबेन. मला थांबायची सवय आहे.

मुरंब्याच्या दोन बाटल्या पाठवतेय. एक आईला.

टेसी

•

न्यूयॉर्क, १२ फेब्रुवारी १९६८

टेसीआत्या,

सव्वा वर्ष लिहिलं नाही, कारण जे लिहायचं होतं ते लिहवत नव्हतं. आज लिहितो.

शाळांसाठी गाण्यांचं एक जाडजूड पुस्तक निघतंय. देशभर जाईल. त्यात आपलं गाणं आहे, आणि शेवटचा मजकूर मी ठरवायचाय. एकदा त्यात छापलं की झालं, पुढची पन्नास वर्षं पोरं तेच म्हणतील. आता एकेचाळीस जणांनी गायलंय, आणि एकेचाळीसही जणांनी माझं चौथं कडवं घेतलंय. मी महिनाभर विचार केला. मी ते काढणार नाही.

तुमच्यापुढे हात जोडतो, पण काढणार नाही. तुमच्या सभाघरात बसतात तसं गप्प बसायला जगाला येत नाही. जगाला गाऊ दे. तळाशी बारीक अक्षरात लिहीन की मूळ गाण्यात इथे मौन होतं. रागवा हवं तर. जूनपर्यंत मजकूर द्यायचाय.

मॉर्ट

•

प्लम रन
तिसरा महिना, ३ तारीख, १९६८

मित्र मॉर्ट,

बारीक अक्षरात काही लिहू नकोस. मौनाला तळटीप लागत नाही. बाकी तुला योग्य वाटेल ते कर, पुस्तक तुझ्या हातात आहे.

इकडे थंडी आहे. तांबडी गाय व्याली. लिंडली घरी नाही, त्यामुळे दूध मीच काढते आणि लिहायला वेळ नाही.

टेसी

•

न्यूयॉर्क, २९ एप्रिल १९६८

आत्या,

'लिंडली घरी नाही'! हे असं लिहितात? मला वाटलं, पोरगा कुठे कामाला लागला असेल, आणि तुम्ही माझ्यावर फुगून दोन ओळींत पत्र उरकलंत. मीही दोन महिने फुगून बसलो. आज वर्तमानपत्रात सातव्या पानावर तीन ओळी वाचल्या: लिंडली पेनरोज, वय एकोणीस, सैन्यभरतीचं कार्ड परत पाठवलं म्हणून तुरुंगात, निकाल सोळा मे रोजी.

क्वेकर म्हणून त्याला सूट मिळाली असती ना? मग का परत पाठवलं?

आणि तुम्ही त्या थंडीत गोठ्यात एकट्या, दुसऱ्यांदा तेच बघत, आणि मी तुम्हाला काय लिहून पाठवतो, तर माझं कडवं, माझं कडवं! मला लाज वाटते.

मी येतोय सोळाला. गिटार आणतो. गायला सांगितलंत तर गाईन, गप्प राहा म्हणालात तर गप्प राहीन. जाहीर न करता.

मॉर्ट

•

प्लम रन
पाचवा महिना, १९ तारीख, १९६८

मित्र मॉर्ट,

गुरुवारी तू गर्दीतूनच बस पकडून गेलास, बोलणं राहिलं. म्हणून लिहिते.

लिंडलीनं सूट का नाकारली हे विचारलंस. त्याचंच उत्तर सांगते. म्हणाला, 'आत्या, शेजारच्या हॉवर्डचा बाप क्वेकर नाही म्हणून हॉवर्डनं मरायचं, आणि माझा आजा क्वेकर म्हणून मी घरी दूध काढायचं?' मी म्हटलं, गाढवा, दूध कोण काढणार मग? तो म्हणाला, तूच. दोन वर्षं दिलीत न्यायाधीशानं. मी त्या न्यायाधीशालाच म्हटलं, 'तू तुझ्या समजुतीनं केलंस, मी तुला दोष देत नाही.' तो 'मॅडम' म्हणाला, तरी मी त्याला तूच म्हटलं.

आता कोर्टाच्या पायऱ्यांवरचं. तीनशे माणसं होती. तुरुंगाची गाडी आत घेऊन फाटक लावलेलं, तिच्या जाळीमागे आमचा पोरगा. तू गाणं उचललंस, अगदी कढईच्या चालीनं. तिसरं कडवं संपलं आणि तू तोंड मिटलंस. हातही तारांवर ठेवलास. काही बोलला नाहीस, कुणाकडे पाहिलं नाहीस. तुझ्याकडे बघून पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. तुला जमलं, मॉर्ट! माझ्यासाठी केलंस हे मला कळलं. दोन वर्षं मागत होते, ते तू पायऱ्यांवर आणून दिलंस.

आणि मी म्हातारीनं काय केलं, ते तू पाहिलंसच. का केलं ते ऐक.

आदल्या आठवड्यात लिंडलीचं पत्र आलं होतं. लिहिलं होतं, 'आत्या, रागवू नकोस. पलीकडच्या कोठडीत कुणीतरी आहे, मी त्याला पाहिलेलं नाही. रोज संध्याकाळी तो भिंतीवर ठोके मारतो. मी म्हणतो, शेवटची कडी धरली ज्यानं. तो म्हणतो, त्याचाही हात कधी थकेल. मग आम्हाला दोघांना झोप लागते.'

ते वाचलं आणि मला एनॉस आठवला. आम्ही त्याच्यासाठी तासभर गप्प बसलो, पण तेव्हा तो गेला होता. कोठडीत होता तेव्हा त्याला भिंतीपलीकडून काय ऐकू आलं असेल? काही नाही. मौनाची त्याला आत काय कमी होती? आमचा लिंडली तर जिवंत होता, जाळीमागे, कान लावून. तो माझ्या मौनाची वाट बघत नव्हता. तुझ्या चार ओळींची बघत होता.

मग मीच सुरू केलं. पासष्ट वर्षांत दहा माणसांपुढे गायले नव्हते. पट्टी चुकली, दुसऱ्या ओळीत आवाज फाटला. पण 'गल्ली उघडेल' ला सगळे आले, आणि आतून, मॉर्ट, जाळीवर ठोके ऐकलेस ना? त्याचेच ते. मला रडू आलं, आणि अभिमानही वाटला. पोराचा, तुझा आणि माझा स्वतःचासुद्धा. सगळा एकदम. काय करणार, सभेत कबुली देईन.

आणि मग गाडी निघाली. तीनशेतल्या एकानंही टाळी वाजवली नाही, कुणी खोकलं नाही. मी मनात ढवळत होते, दोनदा कडेनं, एकदा मधून. चार ओळी झाल्या, तरी कुणी हललं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. ते आपणहून आलं. तुझ्या कडव्याच्या मागून आलं.

तेव्हा ऐक. पुस्तकात चौथं तुझंच राहू दे. मी चुकले होते. एनॉसची जागा तू घेतली नव्हतीस, एक घर पुढे सरकवली होतीस. चौथ्याच्या खाली '५' असा आकडा घाल आणि चार ओळी कोऱ्या सोड. तळटीप नको.

टेसी

•

न्यूयॉर्क, ८ ऑगस्ट १९६८

टेसीआत्या,

छापखान्यातून फोन आला. 'झेल्निकसाहेब, तुमचं पाचवं कडवं गळलंय.' म्हटलं, गळलेलं नाही, पूर्ण आहे. तो म्हणाला, 'इथे तर काहीच नाही.' मी म्हटलं, बरोबर वाचताय. दोन दिवसांनी कच्ची प्रत आली, तर त्या शहाण्यानं मोकळी जागा वाईट दिसते म्हणून तिथे एक कबुतर बसवलेलं! चोचीत पानासकट! मी जाऊन ते कबुतर उडवून आलो. खूप भांडलो, आत्या. माझ्या ओळींसाठी कधी इतका भांडलो नाही, तेवढा तुमच्या कोऱ्या ओळींसाठी भांडलो.

आता रागवायचं ते एकदाच रागवा. नाव घातलंय. 'शब्द आणि चाल: टेसी पेनरोज, प्लम रन. चौथं कडवं: मॉर्ट झेल्निक.' पारंपरिक म्हणून जिवंत बाईला एकदा गाडलं, पुन्हा गाडणार नाही. अक्षरं गुडघ्याएवढीच आहेत, सगळ्यांची सारखी.

आईनं मुरंब्याची रिकामी बाटली धुऊन ठेवलीय. तिच्याकडे बघत असते.

तुमचा,
मॉर्ट

•

प्लम रन
पहिला महिना, १२ तारीख, १९६९

मित्र मॉर्ट,

पुस्तक पोचलं. नाव नको म्हणून सांगितलं होतं. छापलंस ते छापलंस, आता खरवडून काढलं तर पान फाटेल.

गेल्या रविवारी सभेत उठले आणि सांगून टाकलं की मला गर्व झालाय, आठ महिने झाले, उतरत नाही. मग म्हातारा जेसी, आमच्यातला सगळ्यात कडक, ज्यानं आयुष्यात बाजाची पेटी घरात येऊ दिली नाही, तो काठी टेकत उठला. मला वाटलं, आता खरपूस समाचार घेणार. तो म्हणाला, 'टेसी, पुस्तक आणलंयस का?'

एक प्रत लिंडलीला पाठवली. तुरुंगात पानन् पान तपासून देतात म्हणे. त्यानं लिहिलंय की पहारेकऱ्यानं पान उजेडाला धरून पाहिलं, अदृश्य शाईनं काही लिहिलंय की काय म्हणून. लिंडली त्याला म्हणाला, 'लिहिलंय, पण ते माझ्या आत्याचं आहे.' पोरगा बरा आहे. जाडा झालाय.

आता कामाचं. अकरा प्रती पाठव. एक जेसीला, एक हॉवर्डच्या आईला, एक त्या दातवाल्याला, त्याचा तेव्हा विश्वास बसला नव्हता. बाकीच्या लागतीलच. माझ्याकडची मी स्वयंपाकघरात खिळ्याखालच्या फळीवर ठेवलीय. कुणीही आलं, पोस्टमन असो नाहीतर दूध न्यायला आलेला असो, मी हात पुसते, पान उघडते आणि सगळ्यात खाली बोट ठेवते. म्हणते, वरचं बघा, ते आमच्या मॉर्टचं, फार सुंदर आहे. आणि हे कोरं दिसतंय ना, हे मी लिहिलंय.

तुझी मैत्रीण,
टेसी